इग्वान्याचं मूळ गाव

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी माझ्यावर जो अन्याय झाला त्याची दखल इतिहास घेणार नाही, म्हणून इथे घेते. काल संध्याकाळी जास्वंद कळ्यांनी वाकली होती. आज परडी घेऊन गेले तर झाडावर एकही फूल नाही. देठ तेवढे ताठ उभे, मंत्री निघून गेल्यावर उरलेल्या बंदोबस्तासारखे.

गणपतीपुढे पाच जास्वंदी ठेवणं ही माझी भक्ती नव्हे. वडील ठेवत, मी ठेवते. देवावरचा विश्वास पुण्यात नोकरीला असतानाच सुटला, सवय मात्र सामानाबरोबर परत आली. आज गणपतीपुढे तगर ठेवली. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

गुरांचं काम नव्हे, गुरं पानंही खातात. पोरांचं नव्हे, गावात पोरं उरलीत कुठे? राहता राहिला दाजी. गडग्यापलीकडचा माझा शेजारी, किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणारा जुना रापणकार, म्हातारा, विधुर आणि खमक्या. आमचं भांडण या दगडी गडग्यावरूनच आहे. लोक म्हणतात वीतभर जागेसाठी. जागेसाठी नाही, तत्त्वासाठी. तत्त्व वीतभरच आहे, त्याला मी काय करू?

५ नोव्हेंबर, बुधवार

चोर सापडला. उजाडल्याबरोबर मागीलदारी गेले तर गडग्यावर बसून माझी जास्वंद चावत होता. हिरवा, हातभर अंगाचा, त्याहून लांब शेपटीचा. पाठीवर करवत, गळ्याखाली लोंबती कातडी. मी ओरडले तर एक डोळा माझ्याकडे वळवला, दुसरा फुलावरच ठेवला.

"दाजी! ह्यां काय?" रागावले की मी मालवणीत येते. प्रमाण मराठीत भांडण म्हणजे मोजे घालून लाथ मारणं.

"सायब," दाजी खळ्यातून म्हणाला. "अनिशचो. तेका ऊन खावक सोडलंय."

"तुमचो सायब माझी फुलां खाता!"

"मगे काय बांगडे घालू? तो शाकाहारी आसा. तुज्यापेक्षा बरो."

"आवरा तेका. नायतर..."

"नायतर काय गो? पेपरात लिवशीत? लिव. फोटो पण घाल. तेचो घाल, माझो नको."

अनिश हा त्याचा एकुलता झिल. पुण्यात नोकरीला होता तेव्हा त्याने हा प्राणी विकत घेतला, रीतसर कागदपत्रांसकट. इग्वाना. मग कतारला नोकरी लागली. तिथे प्राणी नेता येईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी बापाकडे सोडून गेला. आजवर तो घरातच असे, एवढ्या जवळून मी आजच पाहिला. दाजीची बायको, चंद्रावतीकाकी, गेल्यापासून त्या घरात हे दोघेच. एक कधी बोलत नाही आणि दुसरा कधी थांबत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आखातात शुक्रवारी सुट्टी असते. त्याचा त्रास मला इथे होतो. संध्याकाळी अनिशचा व्हिडिओ कॉल येतो आणि दाजी समुद्रावर हाक घालावी तसा ओरडतो. पेपरचं सदर लिहायला बसले होते, एक ओळ सुचली नाही.

"बघ, बघ! कसो बघता बघ तुज्याकडे! वळाखता तुका!"

फोन त्या प्राण्याच्या नाकाला लावलेला. तो ओळख दाखवण्याइतका मूर्ख वाटत नाही. मध्येच दाजी म्हणाला, "माझा काय, माझा बरा आसा. माका काय बघतंस? सायबाक बघ."

ध्वनिप्रदूषणाचा कायदा व्हिडिओ कॉलला लागतो का, ते पाहायला हवं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गडग्यावर वाटी. वाटीत तिसऱ्या शिंपल्यांची एकशिपी, एका शिपीतच मांस ठेवून खोबऱ्याच्या वाटपात शिजवलेली, वर करवंटीचं झाकण. चिठ्ठी नाही, हाक नाही. फुलांची भरपाई असावी.

शत्रूचं अन्न खाऊ नये हे मला मान्य आहे. पण तिसऱ्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? चव चंद्रावतीकाकीच्या हातची वाटली. म्हाताऱ्याने एवढं तरी शिकून घेतलंय.

अडचण वाटीची. आपल्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत, आणि त्या माणसासाठी काही करून भरायला माझा हात वळत नाही. घासून फळीवर ठेवली आहे. येता-जाता माझ्याकडे बघते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गाव पेटलंय. रापणीला मासळी नाही. ओढून ओढून हात सोलवटतात आणि जाळ्यात येतं काय, तर शेवाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. कारण सगळ्यांना दिसतं, अक्षरशः दिसतं. काळोख पडला की खोल पाण्यात दिवे पेटवून मासे गोळा करणारे ट्रॉलर उभे असतात, वर्षभर दिवाळी. त्यातल्या एकात आमच्या रविराजची भागीदारी आहे. तो गावातला मोठा माणूस. देवळाच्या मंडपाची फरशी त्याचीच, म्हणून उजेडाबद्दल कोणी बोलत नाही.

रविराजने मात्र कारण शोधून काढलंय. दाजीचं जनावर. "ता इला आणि मासळी गेली. सरळ हिशोब आसा." प्राणी येऊन दोन वर्षं झाली, मासळी त्याच्या कितीतरी आधीपासून घटतेय. पण रागावलेल्या माणसाला तारखा कोण विचारतो?

आधी त्याने घोरपड पाळली म्हणून वनखात्याकडे तक्रार केली. वनरक्षक आला, कागद पाहिले. म्हणाला, "ही घोरपड नाही. घोरपड मांस खाते, हा पाला खातो." जाताना बजावून गेला, "रानात सोडू नका. थंडीत तग धरणार नाही."

कायद्याने जमलं नाही म्हणून रविराज आता देवाकडे जातोय. ग्रामदेव रवळनाथाला कौल लावायचा, म्हणजे मूर्तीला चिकटवलेली फुलं कुठल्या बाजूने पडतात ते पाहायचं. उजवा झाला तर जनावर राहील. डावा झाला तर गोणत्यात भरून वैभववाडीच्या वरच्या घाटात नेऊन सोडायचं. वनरक्षक काय म्हणाला ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

या एका बाबतीत माझं आणि रविराजचं एकमत आहे. त्याची लाज वाटते. पण एकमत आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्यवान आला होता. देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्याकडे. माणूस मंद. एक वाक्य बोलून झालं की पुढचं येईपर्यंत चहा निवतो.

"बाय, तू शब्दांच्या कचेरीत हुतंस मा?"

होते. बावीस वर्षं, शब्दकोशाच्या कचेरीत. गावाला वाटतं तिथे शब्द पोत्याने येत आणि मी ते निवडत बसे. फारसं चूक नाही.

"त्या जनावराचा मूळ व्हया. नाव काय, खंयचो, कोणाचो कोण. गाराण्यात सांगूक लागता. सायब म्हणान सांगलंय तर देव इचारतलो, खंयचो सायब? तलाठी काय?"

रविराजची अट आहे की सगळं रीतसर व्हावं, नावागावासकट, म्हणजे मागाहून कोणी खोट काढू नये. मी म्हटलं, "चार दिवसांनी ये. असा मूळ काढून देतंय की देव दोन्ही हात जोडून सांगतलो, घेऊन जावा."

सत्यवानने निवलेल्या चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "साखर आसा काय आणखी?"

२२ नोव्हेंबर, शनिवार

खूप दिवसांनी कोश उघडले. वाळवीने प्रस्तावना तेवढी खाल्ली आहे. वाचकही असेच असते तर बरं झालं असतं.

इग्वाना. इंग्रजीने हा शब्द स्पॅनिशमधून घेतला. स्पॅनिशने घेतला कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरच्या ताईनो लोकांकडून. त्यांच्या तोंडी तो 'इवाना' असा काहीसा होता. किनाऱ्यावर राहणारे, होड्या वल्हवणारे, मासे मारणारे लोक. एक दिवस समुद्रातून परकी गलबतं आली. पाहुण्यांनी बोट दाखवून विचारलं असेल, हे काय? यांनी सांगितलं, इवाना. पाहुण्यांनी शब्द लिहून घेतला, मग जमीन घेतली, मग माणसं खाणीत घातली. उरलेली देवीच्या साथीने नेली. दोन-चार पिढ्यांत ती भाषा बोलणारं कोणी राहिलं नाही. त्यांचं रक्त अंगात असलेली माणसं आजही आहेत म्हणे. भाषा नाही.

आणि अर्थ? अर्थ तोच प्राणी. मी पुन्हा पुन्हा शोधलं. सहसा शब्दाच्या पोटात आणखी एखादा शब्द असतो, कुठला तरी धातू, कोणी तरी आतेमामे. इथे काही नाही. असेल तर तो सांगणारा उरला नाही. कचेरीत असा शब्द आला की आमचे संपादक पेन्सिल खाली ठेवत आणि म्हणत, "याच्या घरी कोणी नाही."

मला हवा होता तसाच माल मिळाला. परका, सातासमुद्रापलीकडचा आणि अपशकुनी. ज्यांनी नाव ठेवलं त्यांचाच निर्वंश. याहून वाईट कुंडली कोणती?

एक गोष्ट मात्र सत्यवानला सांगणार नाही. त्याच लोकांच्या त्याच भाषेतून आणखी एक शब्द निघाला, तो पोर्तुगीजांच्या गलबतात बसून आपल्याकडे आला आणि माझ्या टोपलीत कांद्याशेजारी पडला आहे. बटाटा. त्यांच्याकडे ते नाव रताळ्याचं होतं, प्रवासात घसरत घसरत बटाट्यावर बसलं. ही माहिती खटल्याला मारक आहे. शिवाय उद्या मला भाजी करायची आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सत्यवानला सगळं सांगितलं, बटाटा सोडून. रंगवून सांगितलं, 'निर्वंश' तर दोनदा. तो मान हलवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तेका तेच्या भाशेत हाक मारणारो आता कोण नाय?"

"कोण नाय. सांग तसाच."

"सांगतंय," म्हणाला आणि गेला.

थोड्या वेळाने दाजी गडग्याशी येऊन उभा राहिला. एरवी माझ्या नावाने खडे फोडतो. आज म्हणाला, "बाय, सत्यवान इल्लो मा?"

"इल्लो."

"काय सांगलंस तेका?"

"खरा हुता ता सांगलंय."

मी पदर खोचून तयार होते. माझ्याकडे चार उत्तम वाक्यं होती. तो गडग्यावरचं शेवाळ नखाने काढत राहिला. "खऱ्याक काय करतलंय," म्हणाला आणि आत गेला. भांडलाच नाही. एवढा अपमान माझा कोणी केला नव्हता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कळलं की जनावराला मी फुकटच बदनाम केलं. एखाददुसरं फूल ते खात असेल. खरा दरोडेखोर दाजी.

संध्याकाळी फोनचा गोंगाट सुरू झाला तशी तक्रार करायला गडग्याशी गेले आणि फटीतून पाहिलं. दाजीच्या मांडीवर फ्रिजमधला डबा, डब्यात ओल्या फडक्यात माझी जास्वंद. पहाटे माझ्याआधी उठून कळ्या तोडतो आणि जपून ठेवतो, खास शुक्रवारसाठी! एका हातात फोन, दुसऱ्या हाताने सायबाला फूल भरवणं चाललेलं. आणि काय तो कंजूषपणा, पुरं फूल देत नाही. एकेक पाकळी तोडून देतो, ती खाऊन झाली की दुसरी, रेशनवर दिल्यासारखी.

पलीकडून अनिशचा आवाज आला. "खातोय अजून? भारी. बरं, त्याचं झालं की ठेवतो हां, बाबा."

"खाता, खाता! अजून भूक आसा तेका!" दाजी घाईघाईने म्हणाला आणि पाकळीचेही दोन तुकडे केले.

जनावराचं पोट भरलेलं स्पष्ट दिसत होतं. ते तोंड फिरवत होतं आणि हा माणूस पुन्हा पुन्हा पुढे धरत होता. शेवटी त्याने डोळे मिटले. फोन बंद झाला. दाजी काळ्या पडलेल्या फोनकडे बघत बसून राहिला. रेंज गेली असावी.

मी तक्रार न करता परत आले. डबा हा सज्जड पुरावा आहे, कौलाच्या वेळी काढता येईल.

एकेक पाकळी! एवढा चिक्कूपणा, तोही माझ्या फुलांत.

३० नोव्हेंबर, रविवार

सविस्तर लिहायला हवं, कारण देवळात आज जो गोंधळ झाला तो उद्या प्रत्येकजण वेगळा सांगेल.

सगळा गाव जमला होता. रविराज पुढे, पांढऱ्या कपड्यात, स्वतःच्या फरशीवर. दाजी खांबाशी. सायबाला टोपलीत घालून आणलं होतं, वर फडकं. मासे विकणारी तुळसा माझ्या पुढ्यात, रविराजच्या अगदी बाजूला. डब्याची गोष्ट काढावी की नको हे मी ठरवत होते, तेवढ्यात सत्यवानने हात जोडले.

ज्याने आमच्याकडचं गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्याला सांगायला हवं. एकजण देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक ओळीला सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ते विचार करून म्हणत नाहीत. पाळण्यात ऐकलेलं असतं, घशातून आपोआप येतं.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज सगळो गाव तुज्या पायाकडे इलो आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दाजीच्या घराक एक जीव आसा. इग्वानो तेचा नाव. लांबच्या बेटावरचो. थंयची माणसां आमच्यासारकीच दर्यावर जगणारी हुती. दर्यातसून परके इले, आणि ती माणसां सोपली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी जरा हळू.

"नाव रवला, नाव ठेवणारे गेले. तेका तेच्या भाशेत हाक मारणारो आता दुनयेत कोण नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी खूश होते. माझा निर्वंश बरोबर जागी पडला होता. सत्यवानने श्वास घेतला आणि आवाज वर नेला.

"असो हो जीव वाट चुकान तुज्या शिवेत इलो. तेका तुज्या शिवेतलो मान, तेची राखण कर. तेच्या वायटावर जो कोण आसात तेका वाटेक लाव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

घंटा हलली असेल एवढा आवाज झाला, आणि त्यात रविराजचा सगळ्यात मोठा. मीही म्हणाले. सवय.

सत्यवानने हात खाली घेतले आणि उपरण्याने तोंड पुसू लागला.

"आता लाव कौल," रविराज म्हणाला.

"कसलो?"

"कसलो म्हणजे? जनावर रवांदे काय जावंदे, तेचो!"

"राखण मागलंय. गावान व्हय म्हटल्यान," सत्यवान म्हणाला, चहा मागावा तसा. "देवाकडे मागलेला परत देवाकच इचारू? तो काय म्हणात?"

"मी कधी व्हय म्हटलंय?"

तुळसा वळली. "म्हटलंस तर! माझ्या कानाकडेच वराडलंस. कान अजून वाजता माझो, मेल्या."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. गाऱ्हाण्यात ज्याचं नाव आलं त्याची राखण देवाकडे, हे इथे पोरांनाही ठाऊक असतं. रविराजलाही होतं. नावागावासकट रीतसर व्हावं ही अट त्याचीच. मागून एकजण म्हणाला, "राखण मागलीच आसा तर त्या दिव्यांच्या बोटींचा पण एकदा गाराणा होवंदे." त्यावर मात्र कोणी हसलं नाही. रविराज फरशीकडे बघत बाहेर पडला.

सत्यवानने घोळच केला. मी अपशकुन म्हणून दिलेला माल त्याने उलटा लावला. 'राखण कर' हे प्रत्येक गाऱ्हाण्याच्या शेवटी येतं, ते बिचाऱ्याच्या तोंडून आपसूक आलं असणार. बाहेर चपला घालताना मला म्हणाला, "बाय, तू बरा मूळ काढून दिलंस." मी त्याला दुखवलं नाही.

डब्याचं बोलायचं राहूनच गेलं.

नाक्यावरच्या हॉटेलात रविराज वडा खात होता, कुणाशी न बोलता. मी थांबले. एरवी थांबत नाही.

"रविराज, त्या इग्वान्याचो गाववालो खातंस तू."

"काय?"

"बटाटो. दोघांचो मूळ गाव एकच. कोशात आसा, येऊन बघ."

घास गालातच राहिला. माझा दिवस फुकट गेला नाही.

येताना दाजी टोपली घेऊन पुढे चालला होता. मध्येच थांबला, फडकं वर केलं आणि आत बघून काहीतरी बोलला. मालवणीतच. दुसरी भाषा त्याला कुठून येणार?

५ डिसेंबर, शुक्रवार

पहाटे दाजी येण्याआधी उठले. झाड फुलांनी लाल होतं. गणपतीला पाच काढून ठेवली, सवय ती सवय.

बाकीची सगळी तोडली आणि फळीवरच्या वाटीत भरली. मावेनात, दाबून बसवली. वाटी गडग्यावर ठेवली, वर त्याचीच करवंटी. हाक मारली नाही. वाटी रिकामी परत द्यायची नसते, एवढंच. बटाट्याची भाजी दिली असती तर तो शेफारला असता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे गोंगाट झाला. आज अख्खी फुलं चालली होती. जनावर खात होतं, दाजी ओरडत होता, अनिश हसत होता. दिवेलागणीला सुरू झालेला फोन माझं जेवण उरकलं तरी चालूच होता. सदराची एक ओळ लिहून झाली नाही.

फळी आता मोकळी आहे.